कार्ड घालण्याआधी

त्याचं खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. घरात बायको 'अहो' म्हणायची आणि गल्लीत सगळे त्याला 'हनुवटी' म्हणायचे. "हनुवटी जरा खाली" हे वाक्य तो जन्मभर लोकांना ऐकवत आला होता, तेव्हा लोकांनी सूड म्हणून ते त्यालाच चिकटवलं. त्याला त्याचं वाईट वाटायचं नाही. गल्लीपलीकडच्या दातांच्या डॉक्टरला लोक काय म्हणायचे ते त्याने ऐकलं होतं.

स्टुडिओ शिंप्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. लाकडी जिना चढून आलं की बाहेरची खोली, आणि तिच्यात एक बाक, एक टेबल आणि बायको. आतली खोली मोठी. तिथे राखाडी पडदा, पाठ नसलेलं स्टूल, दोन दिवे आणि गल्लीकडची उंच खिडकी, जिच्यावर पातळ पांढरं कापड कायमचं ताणलेलं. आरसा होता, पण तळहाताएवढा. मोठा आरसा लावला की माणूस त्यात बघून चेहरा ठरवूनच आत येतो, आणि तो ठरवलेला चेहरा उतरवायला अर्धा तास जातो, असं हनुवटीचं म्हणणं. बायकोच्या मते खरं कारण एवढंच होतं की मोठा आरसा पुसावा लागला असता.

गिऱ्हाइकांना तंबी देण्याचं खातं तिच्याकडे होतं. फोन तीच घ्यायची, आणि आवाज असा की पलीकडचा माणूस बसला असेल तर उभा राहायचा.

"केस कापायचे तर आठवडाभर आधी कापा. आदल्या दिवशी कापलेत तर कानामागे पांढरी पट्टी दिसते, ती आम्ही रंगवत नाही. नवा शर्ट नको. नव्या शर्टात माणूस शर्टाचीच काळजी करत बसतो. रोज चष्मा लावता? मग चष्मा लावूनच या. आणि फोटो कशासाठी पाहिजे ते खरं सांगा. नोकरीसाठी म्हणून काढायचा आणि लग्नासाठी पाठवायचा, असं केलंत तर मुलीकडचे कामावर ठेवून घेतील, मुलगी देणार नाहीत."

तीळ, व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं यांतलं काय ठेवायचं आणि काय पुसायचं, तेही ती आधीच वदवून घ्यायची. त्याला कारण होतं. बँकेतल्या एका साहेबांनी हट्टाने गळ्याखालची सगळी चरबी संगणकावर काढून घेतली आणि तो फोटो ओळखपत्रावर लावला. पुढे बदली झाली, आणि नव्या कचेरीतल्या पहारेकऱ्याने साहेबांना दारातच अडवून ठेवलं. साहेब तणतणत स्टुडिओत आले. हनुवटीने त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि पहारेकरी माणूस कामाचा आहे असं मत दिलं.

सगळ्यात कडक नियम सल्लागारांबाबत होता. फोटो एकाचा आणि सोबत तीन माणसं, हा प्रकार बायकोला अजिबात खपायचा नाही. सल्लागार म्हणजे बहुतेक वेळा मेहुणा. आत येऊन तो दिव्यापाशी उभा राहायचा आणि उंटावरून शेळ्या हाकल्यासारखा "जरा स्माइल, जरा स्माइल" करत राहायचा. अशा मेहुण्यांना बायको बाहेरच्या बाकावर बसवायची आणि चहा द्यायची. चहा मुद्दाम उकळता असायचा, त्यामुळे तो संपेपर्यंत आतलं काम आटपायचं.

आणि फोन ठेवता ठेवता शेवटची सूचना. "घाईत येऊ नका. पहिली पंधरा मिनिटं हिशेबात धरूच नका."

का धरायची नाहीत, ते मात्र ती कोणाला सांगायची नाही. ते नवरा-बायकोतलं गुपित होतं. पहिली पंधरा मिनिटं हनुवटी रिकाम्या कॅमेऱ्याने फोटो काढायचा.

ही विद्या त्याच्या उस्तादाची. रोल महाग होते त्या काळातली. उस्ताद म्हणायचा, "माणूस स्टुलावर बसला की पहिला चेहरा शेजाऱ्यांसाठी करतो, दुसरा सासरच्यांसाठी. दोन्ही वाहून जाऊ द्यायचे. खटका दाबत राहा, बोलत राहा. कंटाळून माणूस घरचा चेहरा बाहेर काढतो. तेव्हा रोल भर." हनुवटीने ते वेदवाक्य मानलं. उस्ताद गेला, रोल गेले, कॅमेऱ्यात नखाएवढं कार्ड आलं आणि त्यात हजार फोटो मावायला लागले, तरी हा गडी कार्ड शर्टाच्या खिशात ठेवूनच सुरुवात करायचा. कार्डाविना खटका दाबता येईल अशी सोय त्याने कॅमेऱ्यात मुद्दाम करून घेतली होती. फोटो मागच्या काचेवर क्षणभर उमटायचा आणि जायचा. तो तिकडे बघायचाही नाही.

"आता कुठे रोल वाया जातोय?" बायको विचारायची.

"कार्ड घातलं की लोक म्हणतात, दाखवा. दाखवलं की म्हणतात, माझं नाक असं आहे? मग पुढचा अर्धा तास माणूस नाक सांभाळत बसतो."

"मग दाखवू नका."

"कार्ड नसलं की दाखवायला काही नसतंच. खोटं बोलावं लागत नाही."

खोटं बोलायला लागू नये म्हणून सबंध कामाची सुरुवातच खोटी करायची, हे बायकोला काही पटलं नव्हतं. पण संसारात ज्या गोष्टी पटत नाहीत त्यांची रांग मोठी होती आणि ही बरीच मागे उभी होती. तिने तो विषय सोडून दिला होता.

मग एके दिवशी सिस्टरांचा फोन आला.

सिस्टर म्हणजे मोठ्या इस्पितळातल्या परिचारिका. निवृत्त होऊन बरेच दिवस झाले होते, तरी सगळे त्यांना सिस्टरच म्हणायचे, भाजीवाला आणि विहीणबाईसुद्धा. बायकोने नेहमीप्रमाणे विचारलं, फोटो कशासाठी?

"मुलगा परदेशी चाललाय. सहकुटुंब, कायमचा. त्याला माझा आत्ताचा फोटो हवाय."

"आत्ताचा म्हणजे?"

"तोंड वाकडं झाल्यानंतरचा," सिस्टर म्हणाल्या.

यावर काय सूचना द्यावी ते बायकोला सुचलं नाही. ती फक्त म्हणाली, "या."

झालं होतं ते असं. नोकरीत असतानाच एकदा रात्रपाळीहून घरी आल्या आणि चूळ भरताना पाणी एका बाजूने सांडायला लागलं. चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली होती. औषधपाणी, व्यायाम सगळं झालं. बोलणं सुधारलं, खाणं सुधारलं, पण हसणं सुधारलं नाही. हसल्या की उजवी बाजू वर जायची आणि डावी तिथेच राहायची. तेव्हापासून त्या हसताना तोंडावर हात धरायला लागल्या, आणि फोटोचं नाव निघालं की कॅमेरा स्वतःच्या हातात घ्यायला लागल्या. मुलाच्या लग्नाच्या एकाही फोटोत त्या नव्हत्या. बरेचसे फोटो त्यांनीच काढले होते, आणि वाईट काढले होते.

ठरल्या वेळी त्या आल्या. सोबत मुलगा होता, तो निमूट बाकावर बसला आणि त्याच्या हातात उकळता चहा गेला. सिस्टर आत आल्या, स्टुलावर बसल्या आणि त्यांनी आधी आपली अट घातली.

"हे बघा, मी एकदाच बसणार. बरा आला तर मुलाला देईन. नाही आला तर परत तुमच्याकडे येणार नाही, दुसरीकडे जाणार नाही. जुना फोटो आहे, सरळ तोंडाचा. तोच घेऊन जा म्हणेन. सूनबाईच्या तिकडच्या मैत्रिणी भिंतीवर बघणार, नातवंडं मोठी होणार. त्यांच्यासमोर हे कशाला मांडायचं?"

हनुवटी "बरं" म्हणाला. कार्ड खिशात होतं. त्याने खटका दाबायला सुरुवात केली.

"हनुवटी जरा खाली."

"मी जन्मभर लोकांना 'आ करा' म्हणत आले," सिस्टर म्हणाल्या. "कोणी नीट करत नाही."

खटका. त्यांचा हात सारखा मांडीवरून उठून तोंडाकडे जायचा, निम्म्यात त्यांच्या लक्षात यायचं आणि परत मांडीवर यायचा. हनुवटी दिवे सरकवत होता आणि इकडचं तिकडचं विचारत होता. वॉर्डात सगळ्यात त्रासदायक पेशंट कोण?

"डॉक्टर," सिस्टर क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या. "आमचे एक मोठे सर्जन होते. दिवसाला चार पोटं फाडायचे. एकदा स्वतःच तापाने आडवे झाले. मी इंजेक्शन द्यायला गेले तर मलाच शिकवायला लागले. सुई अशी धरा, दंड असा दाबा. मी म्हटलं, बरं सर. दंड धरला." इथे सिस्टरांनी डाव्या हाताने हवेतला दंड धरला आणि उजव्या हाताची चिमूट पुढे नेली. "तर हे ओरडले. केवढ्याने, तर खालच्या मजल्यावरून माणसं धावत आली. मी म्हटलं, सर, अजून नुसता कापूस लावलाय."

हनुवटी हसला नाही. "मग?" एवढंच म्हणाला.

"मग म्हणाले, कापूस गार होता."

आणि सिस्टर हसल्या. एका हातात सर्जनचा दंड होता, दुसऱ्यात कापूस, त्यामुळे तोंडावर ठेवायला हात उरला नव्हता. उजवी बाजू डोळ्यापर्यंत वर गेली. डावी जागेवर थांबली आणि डावा डोळा रात्रपाळीवर असल्यासारखा सरळ समोर बघत राहिला. एकाच चेहऱ्यावर निम्मी बाई पोट धरून हसत होती आणि निम्मी तिच्यावर लक्ष ठेवून होती. हनुवटीच्या बोटाने खटका दाबला. कधी नव्हे ते त्याने मागच्या काचेवर पाहिलं. उजेड, डोळे, कपाळावर सुटलेली बट, सगळं जिथल्या तिथे होतं. इतका चांगला फोटो त्याने आयुष्यात काढला नव्हता. मग काच काळी झाली.

"आला ना?" सिस्टरांनी विचारलं.

तो फोटो डोळ्यांसमोरून अजून हलला नव्हता, म्हणून त्याने मान हलवली.

"मला कळलंच. हात वर गेला नाही माझा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा." सिस्टर उठल्या आणि त्यांनी पर्स उचलली. "बास. हाच द्या. दुसरा नको, आणि मला दाखवूही नका. बघितला तर देणार नाही मी."

हनुवटीची पाचावर धारण बसली. "खात्रीसाठी अजून एकदोन काढू," असं तो पुटपुटला. "कशाला? आलाय म्हणालात ना?" असं त्या म्हणाल्या, आणि ते बरोबरच होतं. हसणं ऐकून बायको दारात येऊन उभी होती. तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग शर्टाच्या खिशाकडे पाहिलं, आणि तिला सगळं समजलं. एरवी जिभेला हाड नसलेली ही बाई त्या वेळी मूग गिळून उभी राहिली. तिला बोलता आलं असतं, पण हे त्याचं त्यानेच सांगायला हवं होतं.

वाट एक होती. थाप मारायची, दिवा बिघडला म्हणायचं, परत बसवायचं. शंभरातल्या नव्याण्णवांनी तेच केलं असतं, आणि हनुवटीही त्या नव्याण्णवांतलाच होता. पण समोर एक बाई आनंदात उभी होती, आणि तिचा तो आनंद खोटा ठरणार हे फक्त त्याला ठाऊक होतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

"सिस्टर," तो म्हणाला, "कॅमेऱ्यात कार्ड नव्हतं."

आणि त्याने सगळं सांगितलं. उस्ताद, रोल, शेजाऱ्यांचा चेहरा, सासरचा चेहरा. सांगताना त्यालाच ते मूर्खासारखं वाटायला लागलं.

सिस्टर म्हणाल्या, "म्हणजे रिकामी सुई टोचत होतात."

"हो."

"सगळ्यांना?"

"हो. पहिले चेहरे चांगले येत नाहीत ना."

"ते तुम्ही कधी बघितलेत?"

रोल नसताना बघणार काय? आणि फोटो काचेवर उमटायला लागल्यापासून, आजचा सोडला तर, त्याने कधी मान वळवली नव्हती. किती माणसं या स्टुलावर बसली, त्यांतली कितीजण पहिल्याच मिनिटाला मनापासून हसली आणि तो "बरं, बरं" म्हणत पुढे गेला, हे आता कोणालाच सांगता येणार नव्हतं. त्यांतली काही तर आता या जगातही नव्हती. त्या दिवसानंतर हनुवटीने कार्ड कधी खिशात ठेवलं नाही, पण त्याचा सिस्टरांना काय उपयोग?

सिस्टर दारापर्यंत गेल्या. मग वळल्या, परत आल्या आणि धप्पदिशी स्टुलावर बसल्या.

"घाला ते कार्ड. माझ्यासमोर घाला."

त्याने घातलं. पहिल्यांदा उलटं घातलं.

"उलटं घातलंत. श्वास घ्या आधी," सिस्टर म्हणाल्या, आणि तिथून ज्या सुरू झाल्या त्या थांबेनात. वॉर्डात शिकाऊ पोरींना झापायचा तो आवाज बऱ्याच वर्षांनी बाहेर आला. लोक तुमच्यासमोर चेहरा उघडा करून बसतात म्हणजे काय, कळतं का? मला हा जिना चढायला किती दिवस लागले, माहीत आहे? पेशंट शेवटचं काही सांगत असेल आणि मी म्हटलं, थांबा, माझं लक्ष पंधरा मिनिटांनी सुरू होतं, तर चालेल? बोट उगारलेलं, तोंड पार उजवीकडे गेलेलं, डावा डोळा रोखलेला. तोंडावर हात न्यायला त्यांना सवड नव्हती. हनुवटी खाली मान घालून ऐकत होता आणि बोट त्याचं काम करत होतं. "हनुवटी खाली" म्हणायची त्याची छाती झाली नाही.

बऱ्याच वेळाने सिस्टरांच्या ध्यानात आलं.

"काढताय?"

"हो."

"दाखवा."

न दाखवण्याचा नियम होता. त्याने मुकाट्याने दाखवलं. सिस्टरांनी चष्मा वर केला आणि पर्समधला रुमाल शोधत शोधत बराच वेळ पाहिलं.

"वाकडं दिसतंय."

"दिसतंय."

"फारच."

"संगणकावर सरळ करता येईल."

सिस्टरांनी विचार केला. "नको," त्या म्हणाल्या. "मुलाला विचारू या. तो नको म्हणाला तर जुनाच देईन." आवाज आता अगदी बारीक झाला होता. इतका वेळ झापणारी बाई ती हीच, हे खरं वाटलं नसतं.

बायकोने छापून आणला आणि तिघंही बाहेर आले. मुलाचा चहा अजून संपला नव्हता. त्याने कप खाली ठेवला, फोटो हातात घेतला आणि ताठ उभा राहिला.

"काय केलं मी?" तो म्हणाला. मग भानावर आला.

"हसतानाचा चांगला आला होता," सिस्टर घाईघाईने म्हणाल्या. "यांनी घालवला. हा नको असेल तर सांग. भिडेखातर घेऊ नकोस."

मुलाने फोटो छातीशी धरला, म्हणजे तो परत मागायची सोयच राहिली नाही. "जेवायच्या टेबलासमोर लावतो. पोरं भाजी टाकणार नाहीत." मग त्याने हनुवटीकडे पाहिलं. "तो हसतानाचा कसा होता?"

फोटो कसा होता हे हनुवटीने कधी कोणाला तोंडाने सांगितलं नव्हतं. फोटो दाखवायचा असतो. पण हा एकट्या त्यानेच पाहिलेला होता, तेव्हा सांगणं भाग होतं. तो अडखळत म्हणाला, "उजवी बाजू पूर्ण हसत होती. अगदी डोळ्यात पाणी. डावी हलली नाही. पण डावा डोळा... म्हणजे, एकीची मजा चाललीये आणि दुसरी तिला सांभाळतेय, असं."

"हां," मुलगा म्हणाला. "स्वयंपाकघरात रेडिओ ऐकताना हसते तशी."

सिस्टर त्याच्याकडे वळल्या. "तू कधी बघितलंस?"

"रोज बघतो. दारातून."

"इतकी वर्षं?"

"हो."

"मग बोलला नाहीस कधी?"

"बोललो असतो तर हात वर गेला असता," मुलगा म्हणाला.

सिस्टर बाकावर बसल्या आणि रडायला लागल्या. बायको चहाचं बघायला आत गेली, आणि हनुवटी तिच्या मागोमाग गेला.